दोन कार्बोरेटर, एक रेस

गाडी मिसिंग मारायला लागली की इंदूरच्या बहुतेक गॅरेजांत निदान ठरलेलं असतं: ‘भिया, काब्रेटर साफ करना पड़ेगा.’ बाऊल, म्हणजे खालची पेट्रोलची वाटी, उघडतो, हवेच्या पाइपने जेट (पेट्रोल सोडणारे बारीक भोकाचे तुकडे) फुंकले जातात, स्क्रूड्रायव्हर एका बारक्या स्क्रूवर टेकतो, रेस दोनदा पिळली जाते आणि गाडी परत हातात येते. एकच कार्बोरेटर असेल तर एवढ्यावर बऱ्याचदा भागतंही. पण एकाहून जास्त कार्बोरेटर असतील, म्हणजे घरात राजदूत ३५० असेल, कायनेटिकने विकलेली कॉमेट २५० असेल किंवा एखादी जुनी चार सिलिंडरची जपानी गाडी असेल, तर कानाच्या भरवशावर केलेलं ट्यूनिंग पुरत नाही. कानाला सगळ्या सिलिंडरांचा आवाज एकत्र येतो. एक सिलिंडर जोर लावतंय आणि दुसरं नुसतं ओढलं जातंय, हे त्यातून कळत नाही. ते मोजावंच लागतं. मोजायचं सामान महाग नाही. सियागंज बाजारात गवंडीकामाच्या सामानाबरोबर मिळतं.

आधी कार्बोरेटर करतो काय ते बघू, म्हणजे पुढचे स्क्रू का फिरवायचे ते कळेल.

पिस्टन खाली जाताना हवा आत खेचतो. ही हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाते. गळ्यात तिचा वेग वाढतो आणि वेग वाढला की तिथला दाब उतरतो. हे गणित डॅनियल बर्नुलीने १७३८ सालच्या ग्रंथात मांडलं होतं. त्यावर चालणारा, जेटमधून पेट्रोलचा फवारा मारणारा कार्बोरेटर विल्हेल्म मायबाखने १८९३ मध्ये आणला. खालच्या बाऊलमधल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतो, वर गळ्यात दाब कमी असतो, त्यामुळे पेट्रोल जेटमधून वर ढकललं जातं. ‘ओढलं जातं’ असं आपण म्हणतो खरं, पण ढकलणारी हवा बाऊलला जोडलेल्या बारीक व्हेंट नळीतून येते. ती नळी चिखलाने बुजली तर जेट कितीही साफ असले तरी गाडी दम तोडते. पावसाळ्यानंतर ही नळी बघायची आठवण फार कमी जणांना होते.

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जाळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल त्याहून जास्त झालं तर मिश्रण रिच, कमी पडलं तर लीन. रिच गाडी काळा धूर काढते, प्लग काळा करते, पेट्रोल पिते. लीन गाडी तापते, रेस सोडली तरी आरपीएम वरच लोंबकळत राहतात, उतारावर सायलेन्सर फटफट करतो. टू-स्ट्रोक फार लीन झाली तर पिस्टन जाम होतो, म्हणून शंका असेल तेव्हा किंचित रिच ठेवलेलं बरं.

आता हे पेट्रोल एकाच वाटेने येत नाही. हँडलवरची रेस बंद असते तेव्हा पायलट जेट, म्हणजे सगळ्यात बारीक जेट, काम करतो. थोडी उघडली, म्हणजे एक अष्टमांशाच्या पुढे गेली, की स्लाइडच्या (रेस पिळली की गळ्यात वर उचलली जाणारी झडप) खालच्या कडेचा तिरका कट मिश्रण ठरवतो. पाव ते पाऊण उघडी असताना स्लाइडला लटकलेली सुई, आणि पाऊणच्या पुढे मेन जेट. सीमा काटेकोर नाहीत, एकमेकांत मिसळतात. पण यातून एक सोपी युक्ती निघते. ग्रिपवर आणि शेजारच्या स्विचच्या डबीवर पांढऱ्या टेपचे तुकडे लावा, पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. गाडी नेमकी कुठल्या खुणेवर झटके मारते ते बायपासच्या मोकळ्या सर्व्हिस रोडवर बघा. अर्ध्यावर अडखळत असेल तर हवेचा तो बारका स्क्रू फिरवून काही होणार नाही, तिथे सुईचं राज्य आहे. गॅरेजात मात्र गाडी स्टँडवर उभी असते, म्हणून सगळे रोग स्लोच्या, म्हणजे रेस सोडल्यावरच्या मंद चालीच्या, स्क्रूवरच काढले जातात.

इंदूरची हवा आणि पंपावरचं पेट्रोल

‘आपल्याकडे उंची आहे म्हणून गाडी वेगळी सेट करावी लागते’ असं पुष्कळ जण म्हणतात. थोडा हिशेब करून बघू. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे. घाट उतरून नर्मदेकाठी महेश्वरला गेलात तर साधारण चारशे मीटर खाली येता. तेवढ्यात हवा चारेक टक्क्यांनी दाट होते. हवा दाट झाली की गळ्यातला दाबाचा फरकही वाढतो आणि पेट्रोलही थोडं जास्त येतं, पण हवेच्या प्रमाणात नाही, तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणून मिश्रणातला फरक घनतेच्या फरकाच्या साधारण निम्मा पडतो. चारचे दोन टक्के. महेश्वरच्या फेरीसाठी कोणी जेट बदलत असेल तर तो हौस म्हणून बदलतो आहे.

तापमानाचं तसं नाही. डिसेंबरातली दहा अंशांची पहाट आणि मे महिन्यातली ४२ अंशांची दुपार यांत हवेच्या घनतेत दहा टक्क्यांचा फरक आहे, म्हणजे मिश्रणात पाच टक्क्यांचा. घाट उतरण्याच्या दुपटीहून जास्त, तेही घरच्या अंगणात उभं राहून. दुपारी सेट केलेली गाडी थंडीत सकाळी फटफटते ती यामुळे.

आणि सगळ्यात मोठा फरक पंपावर होतो. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन घेऊन येतं, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते: एका ग्रॅमला सुमारे नऊच ग्रॅम. वीस टक्क्यांच्या मिश्रणाचा हिशेब १३.५ च्या आसपास येतो. म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेल्या जुन्या जेटवर गाडी सात-आठ टक्के लीन चालते. इंजेक्शनच्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर ही चूक ओळखतो आणि ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला ओळखणारं कोणी नाही. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यावर नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला, पण त्याआधीच्या गाड्या आजही तुमच्या-माझ्या गल्लीत धावताहेत आणि त्या सगळ्या हेच पेट्रोल पीत आहेत.

उष्णता आणि उंची मिश्रण रिच करतात, इथेनॉल लीन करतं. मे महिन्यात ही खेच काही अंशी एकमेकांना खोडते. डिसेंबरच्या सकाळी खोडायला कोणी नसतं, तेव्हा जुनी गाडी वर्षातली सगळ्यात लीन चालते. उपाय साधा आहे: सुईच्या डोक्याजवळ चार-पाच खाचा असतात, त्यांतली क्लिप एक खाच खाली सरकवा. सुई तेवढी वर येते, पेट्रोल वाढतं. पायलट जेट गरज वाटली तर एक नंबर मोठा. मेन जेटला हात लावायची घाई नको, पण टू-स्ट्रोक पूर्ण रेसवर लांब पळवणार असाल तर तोही एक नंबर मोठा घालावा, कारण पिस्टन जाम होतो तो बहुधा तिथेच.

इथेनॉल पाणीही धरतं. महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या बाऊलमध्ये तळाशी पाण्याचा थर आणि पायलट जेटमध्ये पांढरट बुरशीसारखा थर दिसतो तो यातलाच. गाडी उभी ठेवायची असेल तर बाऊलच्या तळाचा ड्रेन स्क्रू सोडून तो रिकामा करून ठेवा.

स्क्रूला हात लावण्याआधी

कार्बोरेटर हा सगळ्यात शेवटचा संशयित. झडपांचे टॅपेट सैल-घट्ट असतील, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचं अंतर चुकलं असेल, एअर फिल्टर धुळीने गच्च असेल किंवा कॉम्प्रेशन दोन सिलिंडरांत वेगळं असेल, तर कार्बोरेटर कितीही जुळवा, दोन सिलिंडर जुळणार नाहीत. राजदूतला प्रत्येक सिलिंडरचे पॉइंट वेगळे आहेत, तेव्हा दोन्ही बाजूंचं टायमिंग आधी सारखं करून घ्या. मग कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर बघा. ऊन आणि इथेनॉल यांनी ते चिरतं आणि तिथून चोरून हवा आत जाते. इंजिन चालू ठेवून तिथे फवाऱ्याच्या बाटलीने साधं पाणी मारा, आवाज बदलला तर रबर गेलंच समजा. यासाठी पेट्रोल किंवा स्प्रे वापरणारे आहेत. गरम इंजिनवर ते करू नये.

जेट साफ करायला तार खुपसू नका. जेटचं भोक हेच त्याचं माप आहे, पोलादी तारेने ओरखडा पडला की माप गेलं. कार्बोरेटर क्लीनर, हवेचा दाब आणि फारच अडलं तर वायरमधला तांब्याचा एक केस. सराफ दागिने धुवायला वापरतात तसं अल्ट्रासॉनिक यंत्र कोणाकडे मिळालं तर त्याहून उत्तम. आणखी एक: मिकुनी कंपनीच्या कार्बोरेटरचे बारके पेच जपानी घाटाचे असतात, आपल्या नेहमीच्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यांत पुरतं बसत नाही आणि डोकं सोलतं. जपानी मापाचा एक स्क्रूड्रायव्हर घेऊन ठेवा, पैसे वसूल होतात.

बाऊलमधली पेट्रोलची पातळी धरणाऱ्या फ्लोटची उंची दोन्हीकडे सारखी हवी. ड्रेनला पारदर्शक नळी लावून ती कार्बोरेटरच्या बाजूने वर धरा आणि ड्रेन उघडा. नळीत पेट्रोल ज्या उंचीवर थांबेल ती आतली पातळी. बाऊलच्या जोडरेषेपासून दोन्हीकडे तेवढ्याच अंतरावर यायला हवी.

आता तो प्रसिद्ध बारका स्क्रू. तो दोन प्रकारचा असतो आणि लोक इथे गोंधळतात. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा: आत फिरवला की हवा कमी, मिश्रण रिच. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा: आत फिरवला की लीन. राजदूत आणि मिककार्ब कार्बोरेटरच्या बुलेटला हवेचा आहे. हलक्या हाताने पूर्ण आत टेकवा, दाबू नका, आणि दीड फेरा बाहेर काढा. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा. मग पाव-पाव फेऱ्याने आत न्या, आरपीएम पडू लागेल तिथे थांबा. मग बाहेर काढत जा, पुन्हा पडू लागेल तिथे थांबा. दोन्हींच्या मध्ये जिथे इंजिन सगळ्यात जोमाने फिरतं ती जागा. त्यानंतरच स्लो खाली आणायचा. हवेचा स्क्रू जवळजवळ पूर्ण आत गेल्यावरच गाडी सुधारत असेल तर पायलट जेट लहान पडतोय, अडीच फेऱ्यांच्या पुढे जाऊन सुधारत असेल तर तो मोठा आहे.

दोन्ही दारं एकदम उघडली पाहिजेत

इथून पुढे फक्त दोन किंवा अधिक कार्बोरेटरवाल्यांसाठी.

पालखीला खांदा देणाऱ्यांत एक जण अर्धा हात आखूड असला तर भार दुसऱ्याच्या खांद्यावर जातो. पालखी चालते, पण एक जण थकतो. दोन कार्बोरेटर असमान उघडले तर हेच होतं. जास्त उघडलेलं सिलिंडर सगळं ओझं ओढतं, दुसरं अर्धवट भरून फुसका ठोका देतं. स्लोला गाडी थरथरते, क्लच सोडताना गिअरबॉक्स खडखडतो, आणि पाव रेसवर एकसारखं चालवणं अवघड होतं. जोरात पळवताना मात्र फारसं जाणवत नाही, कारण दोन्ही स्लाइड पूर्ण वर गेल्या की एक-दीड मिलिमीटरचा फरक नगण्य होतो. बंद रेसवर तोच एक मिलिमीटर म्हणजे दुप्पट हवा.

एस्कॉर्ट्सने १९८३ पासून त्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनवलेल्या राजदूत ३५० मध्ये हँडलवरून एक केबल निघते आणि पुढे तिला तीन फाटे फुटतात: दोन कार्बोरेटरांना, तिसरा इंजिनला तेल देणाऱ्या ऑइल पंपाला. स्लाइड एकदम उचलल्या जातात की नाही हे बघायला सायकलचे दोन सारखे, सरळ स्पोक पुरे आहेत. इंजिन बंद. एअर फिल्टरची रबरं मागे ओढा. दोन्ही स्लोचे स्क्रू सैल सोडा, म्हणजे स्लाइड तळाला बसतील. रेस किंचित पिळून प्रत्येक स्लाइडखाली एक स्पोक सरकवा. टोक स्लाइडच्या जेमतेम पलीकडे जाईल इतकंच, बाकी स्पोक बाहेर आडवा. रेस सोडली की स्लाइड टोक दाबून धरते आणि स्पोक हवेत आडवा राहतो. आता रेस अगदी सावकाश पिळा, केस-केसभर. ज्या क्षणी स्लाइड उचलली जाते त्या क्षणी बाहेरचं टोक खाली झुकतं. दोन्ही टोकं एकदम झुकली तर जुळलं. एक आधी झुकलं तर त्या बाजूच्या केबलला कार्बोरेटरच्या टोपणावरच्या नटाने थोडी ढील द्या. दोन्हीकडे मिलिमीटरभर ढील शिल्लक असू द्या आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. वळवल्यावर स्पोक हलत असेल तर केबल कुठेतरी ताणली जातेय.

स्पोक काढा, नीट मोजून दोन्ही काढा. मग स्लोचे स्क्रू स्लाइडला टेकेपर्यंत आत न्या आणि तिथून दोन्ही सारखेच फेरे फिरवा. गाडी गरम करून पुन्हा बंद करा, एका प्लगची टोपी काढून एका सुट्या प्लगला लावा आणि तो प्लग हेडच्या धातूला नीट टेकवून ठेवा. गाडी चालू करा. एका सिलिंडरवर ती किती मंदावते ते बघा, लगेच बंद करा. दुसऱ्या बाजूने तेच. दोन्हीकडे सारखीच मंदावली पाहिजे. नुसती टोपी काढून वायर लोंबती ठेवली तर कॉइल जाते आणि हाताला झटकाही बसतो, म्हणून सुटा प्लग.

केबलला हात लावला की ऑइल पंप पुन्हा जुळवायचाच. पंपाच्या चाकावर खूण असते, ती मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागी आली पाहिजे. गॅरेजात ही पायरी हटकून राहते. कार्बोरेटर छान जुळतो, तेल कमी पडतं आणि पिस्टन जातो.

फोर-स्ट्रोकमध्ये काम आणखी सोपं, कारण तिथे व्हॅक्यूम मोजता येतो. बहुतेक अशा गाड्यांना कार्बोरेटरच्या इंजिनकडच्या बाजूला प्रत्येकी एक बारीक नळकांडी असते, रबरी टोपीने बंद केलेली. गवंडी वापरतो ती पारदर्शक लेव्हल नळी पाचेक मीटर घ्या. फळीवर तिचा इंग्रजी यू आकार बांधा, तळाशी हातभर टू-टी (टू-स्ट्रोकचं) तेल भरा आणि दोन्ही टोकं दोन नळकांड्यांना जोडा. पाणी नको, चुकून आत गेलं तर जळत नाही. तेल जळून जातं. पाऱ्याच्या नादी तर लागूच नका. तेल ठोक्यागणिक नाचतं, ते शांत करायला दोन्ही टोकांत एकेक जुना पायलट जेट खुपसून ठेवा. गाडी स्लोवर ठेवली की तेल एका बाजूला चढेल. ज्या बाजूला चढलं तिथे ओढ जास्त, म्हणजे ते कार्बोरेटर कमी उघडलेलं आहे. दोन कार्बोरेटरांच्या मधल्या जोडस्क्रूने पातळी सारखी करा, रेस एकदा झटक्यात देऊन सोडा, परत बघा. दोन बोटांचा फरक राहिला तरी चालतो. एवढ्या मापात इंजिनला काही कळत नाही, फोटो काढणाऱ्यालाच कळतं. चार सिलिंडर असतील तर पहिलं-दुसरं जुळवा, तिसरं-चौथं जुळवा, मग दोन जोड्या एकमेकींशी. एक टोक निसटलं तर सगळं तेल दुसऱ्या सिलिंडरमध्ये जातं आणि कॉलनीभर निळा धूर होतो, तेव्हा टोकं क्लिपने आवळा.

हे सगळं मोकळ्या जागेत. बंद पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो. समोर उभा पंखा लावा, उभ्या इंजिनला वारा लागत नाही. आणि तुळशीपुढचं निरांजन शांत झाल्यावरच बाऊल उघडा.

मिश्रण बरोबर आहे का हे शेवटी प्लगच्या रंगावरून बघायची जुनी पद्धत आहे: चहाच्या रंगाचा असला की झालं. ती शिश्याच्या पेट्रोलच्या काळातली, आणि ते पेट्रोल देशात २००० साली बंद झालं. आताचे प्लग बऱ्याचदा फिकेच दिसतात, त्यावरून लीन ठरवणं धोक्याचं. त्याहून चांगलं माप पीयूसीच्या गाडीवर मिळतं. ते यंत्र सायलेन्सरमधल्या कार्बन मोनॉक्साइडची टक्केवारी आणि न जळलेल्या हायड्रोकार्बनचा आकडा दाखवतं. कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे रिच. तो कमी पण हायड्रोकार्बन भरमसाट असेल तर ठोके चुकताहेत, बहुधा लीन (टू-स्ट्रोकचा हायड्रोकार्बन तसाही जास्तच असतो, तिथे दोन बाजूंची तुलना करा). राजदूतला दोन सायलेन्सर, म्हणजे दोन सिलिंडरांचे दोन वेगळे रिपोर्ट. पीयूसीवाला एकाच नळकांड्यात नळी घालून कागद छापायला बघतो. त्याला सांगायचं, भिया, दुसऱ्यातही घाल, पैसे वेगळे घे. दोन्ही आकडे शेजारी लिहून ठेवा. फरक मोठा असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा जिकडे जास्त तिकडचा हवेचा स्क्रू आधी पाव फेरा बाहेर.